ईएलव्ही डिझाइन: आधी अंतर आणि अँपिअर, मग उपकरणं

सीसीटीव्ही, ॲक्सेस कंट्रोल, फायर अलार्म, पब्लिक ॲड्रेस, डेटा नेटवर्क, बीएमएस (इमारतीतल्या यंत्रणांवर नजर ठेवणारी व्यवस्था) ही सगळी मंडळी ईएलव्ही या एकाच नावाखाली येतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या व्याख्येप्रमाणे एसी ५० व्होल्टपर्यंत आणि डीसी १२० व्होल्टपर्यंत म्हणजे एक्स्ट्रा लो व्होल्टेज. गंमत अशी की पब्लिक ॲड्रेसची १०० व्होल्टची स्पीकर लाइन या व्याख्येत बसतच नाही, पण कामाच्या यादीत ती ईएलव्हीतच असते. तिला डेटा केबलसोबत एका कंड्युटमध्ये (केबलच्या पाइपमध्ये) घालू नका.

शॉकचा धोका कमी म्हणून या कामाला 'साधी वायरिंग' समजलं जातं, आणि गडबड तिथूनच सुरू होते. २३० व्होल्टच्या लाइनवर २ व्होल्ट गळाले तर कोणाला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टच्या लाइनवर तेच २ व्होल्ट दरवाजाचं कुलूप ढिलं करतात.

म्हणून कॅमेऱ्याचं मॉडेल ठरवण्याआधी नकाशावर रॅक (स्विच ठेवायचं कपाट) आणि शाफ्टची (मजल्यांमधून केबल नेणाऱ्या उभ्या पोकळीची) जागा ठरवा. रॅकपासून आउटलेटपर्यंतची पक्की केबल ९० मीटरच्या आत हवी. दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड (जोडणीच्या छोट्या केबल) मिळून आणखी १० मीटर. हे अंतर नकाशावर तिरकं मोजू नका. केबल ट्रेच्या काटकोनातून जाते, रॅकमधून वर चढते, शेवटी भिंतीतून खाली उतरते. आडवं अधिक उभं अंतर घ्या, दोन्ही टोकांची चढ-उतार मिळवा आणि काही मीटर ढील धरा. नकाशावर ६५ मीटर दिसणारा पॉइंट प्रत्यक्षात नव्वदी सहज ओलांडतो. असे पॉइंट निघाले तर मजल्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक रॅक द्या. ट्रे सुरुवातीला ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, कारण नंतर केबल वाढतातच. पॉवर केबलला समांतर जाताना ३०० मिलिमीटर अंतर ठेवा आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनातच ओलांडा.

आता दरवाजाचं गणित. मॅग्नेटिक लॉक १२ व्होल्टवर ०.५ अँपिअर घेतो आणि पॉवर सप्लाय ६० मीटर लांब आहे असं धरा. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून लांबी १२० मीटर धरायची (इथे निम्मे लोक चुकतात). रोध झाला ४.३ ओहम आणि ड्रॉप, म्हणजे तारेत गळणारा व्होल्टेज, सुमारे २ व्होल्ट. मेन्स गेल्यावर बॅटरी उतरत उतरत १०.५ व्होल्टपर्यंत येते, तेव्हा लॉकपाशी ९ व्होल्टसुद्धा कसेबसे पोचतात. दरवाजा बंद दिसतो, पण खांद्याने ढकलला की उघडतो. १.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ड्रॉप ०.७ व्होल्टवर येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे २४ व्होल्टचा लॉक: करंट निम्मा, ड्रॉप निम्मा आणि टक्केवारीत चौथा हिस्सा. शक्य असेल तिथे २४ व्होल्टच घ्यावं.

आग लागल्यावर सुटकेच्या वाटेवरचे लॉक सुटलेच पाहिजेत. त्यासाठी फायर पॅनलच्या रिलेने लॉकचा सप्लाय थेट तोडायचा. सॉफ्टवेअरमार्फत आदेश पाठवायची योजना कागदावर छान दिसते, पण त्या वेळी सर्व्हर चालू असेलच याची हमी कोण देणार? वायरिंग अशी ठेवा की रिलेची तार तुटली तरी दरवाजा उघडाच पडेल.

पीओई स्विच (डेटा केबलमधूनच उपकरणाला वीज देणारा) निवडताना पोर्ट मोजून भागत नाही, वॅट मोजावे लागतात. ८०२.३एएफ हे पीओईचं मानक स्विचपाशी पोर्टला १५.४ वॅट देतं, पण १०० मीटरवर उपकरणाच्या वाट्याला १२.९५ वॅटच धरायचे. त्याहून जास्त वीज देणाऱ्या ८०२.३एटीचे हेच आकडे ३० आणि २५.५. बेरीज करताना कॅमेऱ्याचा दिवसाचा नाही, इन्फ्रारेड चालू असतानाचा लोड घ्या. दिवसभर नीट चालणारे कॅमेरे अंधार पडताच एकेक करून बंद पडू लागले, तर बहुधा स्विचचं वॅट बजेट संपलेलं असतं. दुसरा संशयित म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल. तिचा रोध जास्त, त्यामुळे जुडग्यात ती तापते. आलेल्या मालातली एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर बॉक्स परत पाठवा.

रेकॉर्डिंगचा हिशोब सरळ आहे: ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी लिहितो. ६४ कॅमेरे, ३० दिवस म्हणजे सुमारे ८३ टीबी. रेड (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना) आणि फॉरमॅटची घट त्याव्यतिरिक्त.

फायर अलार्मची लूप म्हणजे गोल वाट, पॅनलपासून निघून पॅनलपाशी परत. जाणारी आणि येणारी तार एकाच कंड्युटमधून नेली तर कोणी भिंतीत एक छिद्र पाडलं की दोन्ही तुटतात आणि लूपचा अर्थच संपतो. साधारण २० उपकरणांमागे एक आयसोलेटर (शॉर्ट झालेला तुकडा वेगळा काढणारा) द्या, नाहीतर एका शॉर्टमध्ये अख्खी लूप मुकी होते. बॅटरीसाठी उदाहरण घ्या: स्टँडबाय करंट ०.४ अँपिअर, अलार्ममध्ये २ अँपिअर, गरज २४ तास अधिक अर्धा तास. ९.६ अधिक १ म्हणजे १०.६; बॅटरी जुनी होते म्हणून १.२५ ने गुणा, १३.२५ अँपिअर-तास. बाजारातली पुढची मापं १७-१८ची, ती घ्या. पॅनल २४ व्होल्टचं, म्हणून १२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये.

बीएमएस आणि कार्ड रीडरची आरएस-४८५ लाइन (अनेक उपकरणं एकाच जोडतारेवर बोलतात ती) एकामागून एक अशीच न्या, दोन्ही टोकांना १२० ओहम लावा. मधूनच फांद्या काढल्या की सिग्नल परावर्तित होतो. तीन उपकरणांवर सगळं सुरळीत चालतं, पंधरा झाल्यावर मधेच कुठलं तरी गायब होऊ लागतं, आणि मग उगाच कंट्रोलर बदलले जातात. दोन इमारतींमध्ये मात्र तांबं नेऊच नका, फायबर टाका. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक आणि विजेचा सर्ज, दोन्ही त्याने टळतात.

हस्तांतराआधी मेन्स खरोखर बंद करा आणि बॅटरीवर काही तास चालू द्या. मग मल्टिमीटर घेऊन सर्वांत लांबच्या दरवाजापाशी जा, लॉक लोडवर असतानाच टर्मिनलवरचा व्होल्टेज मोजा आणि तो डिझाइनच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.