पहिली रुग्णवाहिका पोहोचल्यावर: अनेक जखमींची वर्गवारी कशी करावी

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना बाहेर काढले. अशा वेळी मदतीच्या हातांची वाण नसते. कोणाला आधी न्यायचे आणि कोठे, हे ठरवणारे माणूस मात्र लागते.

म्हणून पहिल्या रुग्णवाहिकेने समोर दिसेल त्या जखमीला घेऊन निघू नये. (जमाव यावर चिडतो, तेव्हा एखादा पोलीस शेजारी उभा करून घेतलेला बरा.) जागा सुरक्षित असल्याची खात्री करून १०८ च्या नियंत्रण कक्षाला नेमके ठिकाण, जखमींची अंदाजे संख्या आणि आत येण्याचा मोकळा रस्ता कळवावा व लगेच वर्गवारी सुरू करावी.

ज्यांना चालता येते त्यांनी अमुक ठिकाणी जमावे असे मोठ्याने सांगावे. त्यांना हिरवी फीत. (फितीचा रंग न्यायचा क्रम सांगतो: लाल आधी, मग पिवळी, शेवटी हिरवी; काळी म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला.) उरलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ अर्ध्या ते एका मिनिटापेक्षा अधिक थांबू नये. श्वास चालू नसल्यास श्वासमार्ग मोकळा करावा. तरीही तो सुरू झाला नाही तर काळी फीत, सुरू झाला तर लाल. श्वासाची गती मिनिटाला ३० हून अधिक असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा ‘माझा हात दाबा’ एवढी साधी सूचनाही पाळता येत नसेल, तर लाल, बाकीच्यांना पिवळी. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद असल्याने त्यांना ३० चा निकष लावू नये. काळी फीत बांधताना हात अडखळतो, पण छातीवर दाब देत एकाच जखमीपाशी बसल्यास तेवढ्या वेळात वाचू शकणारे इतर जखमी दगावतात.

या फेरीत उपचार दोनच: श्वासमार्ग मोकळा करणे आणि वाहते रक्त थांबवणे. हातापायाचा रक्तस्राव दाब देऊनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांधा टाळून, रुंद पट्टी आवळावी, बांधल्याची वेळ फितीवर लिहावी आणि ती वाटेत सैल करू नये.

किरकोळ जखमी रिक्षा-टॅक्सीने स्वतःच जवळच्या रुग्णालयात पोहोचतात आणि तेथील अपघात विभाग गंभीर जखमी येण्यापूर्वीच भरून जातो. यासाठी हिरव्या गटाला बसने दूरच्या रुग्णालयात पाठवावे आणि लाल फितीचे रुग्ण, नियंत्रण कक्षाकडून शस्त्रक्रियेची सोय विचारून, वेगवेगळ्या रुग्णालयांत विभागावेत. वाहनाची वाट पाहणाऱ्यांची तपासणी पुन्हा पुन्हा करावी, कारण पोटात रक्तस्राव होत असलेला पिवळ्या फितीचा रुग्ण काही मिनिटांतच लाल गटात जाऊ शकतो.