कोंबड्या खुराड्यात शिरेनात, तेव्हा

दिवेलागणीला आमच्या सहा गावरान कोंबड्या खुराडं सोडून लिंबाच्या फांदीवर चढू लागल्या. खुडूक कोंबडीही अंड्यांवरून उठली, तेव्हा मला शंका आली. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवलं, तर त्यावर रक्ताचे बारीक डाग. लाल माइट! हे किडे दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडीचा तुरा फिका पडतो. किडे फटीत राहतात, म्हणून नुसतं कोंबडीला औषध लावून भागत नाही, खरं काम खुराड्याचं.

कोंबड्या बाहेर काढून सगळं तूस लांब नेऊन जाळा. दांड्या सोडवा, त्यांची टोकं टेकतात तिथेच किड्यांची गर्दी असते. फटीफटीत उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळू द्या, मग फटी बुजेपर्यंत दाट चुना फासा. उन्हाळ्यात या किड्यांची नवी पिढी आठवड्यात तयार होते, म्हणून सातव्या दिवशी हे सगळं पुन्हा करा. खुराडं नुसतं रिकामं ठेवून उपयोग नाही, उपाशीही ते कित्येक महिने जगतात.

कोंबड्यांना लोळायला चाळलेली राख नि कोरडी माती द्या. फवारणीचं औषध पशुवैद्यकांना विचारूनच. अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. शेतातलं कीटकनाशक कोंबडीवर कधीच मारू नका.