शिबिरातले दादा-ताई घडवताना या चुका टाळा

दहावीची परीक्षा संपली की ठाण्यात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकतात आणि आयोजकांना अचानक १५-१६ वर्षांचे दादा-ताई हवे असतात. मग गॅदरिंगमध्ये माइक गाजवणाऱ्याला आधी बोलावणं जातं. पहिली चूक इथेच होते. शिबिरात माइक दिवसाला दहा मिनिटं लागतो. बाकीचा वेळ हरवलेल्या बाटल्या, सुटलेल्या नाड्या आणि आईची आठवण आलेली पोरं सांभाळण्यात जातो. निवडीच्या दिवशी सतरंज्या कोण न सांगता गुंडाळतं, ते बघा.

१३ वर्षांच्या मुलांवर १५ वर्षांचा दादा नेमू नका, ती त्याला जुमानत नाहीत. चार वर्षांचं अंतर ठेवा आणि पहिला उन्हाळा फक्त मदतनीस म्हणून काढू द्या.

आता मोजणी. घडतं ते असं: येऊरच्या पायथ्याशी एकाच सकाळी तीन शिबिरांच्या बस, त्यात दोन शिबिरांचे टी-शर्ट पिवळे. दादा दारात उभा राहून डोकी मोजतो. २४ भरतात, यादीतही २४ आहेत, बस सुटते. पुढे उतरल्यावर कळतं की त्यातली एक मुलगी दुसऱ्याच शिबिराची आहे आणि आपला एक मुलगा तिकडे स्वच्छतागृहाच्या रांगेतच राहिला. आकडा जुळला, मुलं नाही जुळली. काही दादा तर स्वतःलाही मोजतात!

म्हणून यादी कागदावर हवी. नाव पुकारायचं, चेहरा बघायचा, मगच खूण करायची. चढताना, उतरल्यावर, खाऊनंतर, स्वच्छतागृहानंतर, दर वेळी. दुसऱ्या दादाने पहिल्याचा आकडा न ऐकता वेगळं मोजायचं, कारण ऐकलेला आकडा डोक्यात बसला की तोच ‘सापडतो’. प्रशिक्षणात मुद्दाम एकाला लपवा आणि बाहेरचा एक घुसवा. पहिल्या फेरीत बहुतेक जण फसतात, फसू द्या. ‘तासाभरात उरका’ म्हणणारे आयोजक नेमका हाच सराव गाळतात.

खेळ शिकवताना साहित्य आधी वाटू नका. चेंडू हातात आला की लगोरीचे नियम कोण ऐकतो? आधी मिनिटभर नियम, मग एक फेरी करून दाखवा, मग चेंडू. आणि ऊन दादाच्या तोंडावर हवं, मुलांच्या पाठीवर.

मे महिन्यात आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. सकाळी अकरा ते दुपारी चार मैदान बंद ठेवा. एरवी दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसच्या मोठ्या पाकिटावर ‘एक लिटर’ लिहिलेलं असतं, तरी घाईत ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. असं घट्ट द्रावण पाजू नका. लिटरची खूण केलेली बाटली बाजूला ठेवा, उरलेलं २४ तासांनी फेकून द्या.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला द्यायचं नाही. त्याने काही गंभीर सांगितलं तर ऐकून घ्यायचं, उलटतपासणी नको, त्याच दिवशी शिबिरप्रमुखाला सांगायचं. १०९८ हा संकटातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक सर्वांना पाठ हवा. १८ वर्षांखालचे दादा-ताई कायद्याने स्वतःच बालक आहेत, तेव्हा प्रत्येक गटामागे एक मोठा माणूस हवाच.

दादा-ताईंचे फोन संध्याकाळपर्यंत पिशवीत. फोटो शिबिरप्रमुख काढतील.