जुन्या वेलींची झिनफंडेल घरी करताना: साखर दोनदा मोजा

कॅलिफोर्नियात लोडायच्या वाळूत झिनफंडेल या वाइनच्या काळ्या द्राक्षाच्या शंभरी गाठलेल्या वेली अजून, कलम न करता, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. मुळं पोखरणारी फिलॉक्सेरा कीड वाळूत तग धरत नाही, म्हणून त्या वाचल्या. मांडव नाही, तारा नाहीत. ठेंगणं जाड खोड आणि वर फांद्यांचा झुबका. द्राक्षं घेताना लागवडीचं साल मात्र विचाराच. ‘ओल्ड व्हाइन’ (जुनी वेल) या शब्दांची अमेरिकी कायद्यात व्याख्याच नाही.

घड हातात घेऊन बघा. एकाच घडात हिरवे मणी, भरलेले काळे मणी आणि वाळून मनुका झालेले मणी सापडतील. ही या जातीची खोड आहे, शेतकऱ्याची चूक नव्हे. मनुकांमधली साखर पहिल्या रसात उतरतच नाही. म्हणून चार मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर रसातून साखर दाखवणारं यंत्र) २४ ब्रिक्स, म्हणजे साधारण २४ टक्के साखर, दिसली आणि लगेच यीस्ट टाकलं, तर पुढे फसगत ठरलेली.

५० किलो द्राक्षांची साधारण ३० लिटर वाइन होते. देठ काढा, मणी फुटतील इतपतच चुरडा (बिया फुटल्या तर कडवटपणा येतो) आणि ७५ लिटरच्या फूड-ग्रेड पिंपात भरा. ४ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (नको ते जंतू रोखणारी पूड) थोड्या पाण्यात विरघळवून ढवळा. बाहेरून स्वच्छ धुतलेल्या बर्फाच्या बाटल्या आत सोडून १५ अंशांखाली ठेवा. २४ ते ४८ तासांनी खालपासून ढवळून हायड्रोमीटरनं (रसात तरंगवून घनता मोजणारी काचेची नळी) मोजा. २४ चे २७ झालेले दिसले तर दचकू नका.

२७ ब्रिक्स म्हणजे साडेपंधराच्या वर अल्कोहोल. तिथवर पोचता पोचता यीस्ट दमतं आणि वाइन अर्धवट गोड राहते. २५ वर आणायचं तर २७ भागिले २५, म्हणजे १.०८, रसाच्या ८ टक्के पाणी. ५० किलोत रस ३५ लिटर धरला तर २.८ लिटर. दर लिटर पाण्यात ६ ग्रॅम टार्टारिक आम्ल घाला, नाहीतर आंबटपणाही पातळ होईल. ही भेसळ वाटत असेल तर एवढंच लक्षात घ्या: उन्हानं मण्यांतून उडवलेलं पाणीच आपण परत देतोय. क्लोरीनचं नळाचं पाणी टाळा. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागू शकतो. पीएच ३.६ च्या वर नको.

यीस्ट जास्त अल्कोहोल सोसणारं घ्या. ईसी-१११८ रुक्ष वाटलं तरी भरवशाचं आहे. १२ ग्रॅम यीस्ट १२० मिलि, ४० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं भिजवा. मग त्यात थोडा थोडा रस मिसळत तापमान जुळवा. एकदम गार रसात ओतलं तर निम्मं मरतं. साखर एक तृतीयांश उतरली की यीस्टचं पोषक द्या. वर आलेला सालींचा थर दिवसातून तीनदा खाली दाबा, आणि थर्मामीटर त्या थरातच खुपसा, कारण खाली २६ असताना वर ३३ असू शकतं. ३५ गाठलं की आंबणं थांबायची भीती. गॅरेजचं दार उघडं ठेवा, कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो. अल्कोहोल तयार व्हायला लागलं की रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो. तेव्हापासून फक्त हायड्रोमीटर.

० ब्रिक्सला गाळून पिळा, पण पिळल्यावर पुन्हा मोजा. चिवट मनुका शेवटी दाबाखालीच फुटतात आणि आकडा परत वर जातो. −१ च्या खाली (अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून आकडा शून्याखाली जातो) स्थिरावेपर्यंत एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं झाकण) लावून २० अंशांच्या आसपास ठेवा. पिळल्यानंतर दोन दिवसांनी जाड गाळावरून उतरवा आणि काचेची बरणी गळ्यापर्यंत भरा. ती भरायला थोडी वाइन छोट्या बाटल्यांत राखून ठेवा.

अमेरिकेत विक्री न करता एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन करता येते. महाराष्ट्रात विनापरवाना हा गुन्हा आहे.