दुखापतीनंतर कोचिंगकडे वळताना

गुडघा पुन्हा फुटबॉल झेपण्यासारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं की घरचे आणि दोस्तमंडळी एकच धीर देतात, "कोच हो ना, एवढा खेळलायस." मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. कोल्हापुरात तालीम मंडळाच्या संघातून मी बचाव फळीत खेळलो. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), गेल्यावर खेळ सुटला आणि आता तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवतो. याच वळणावर अडकलेले खेळाडू भेटायला येतात, म्हणून त्यांना जे सांगतो ते एकदा सविस्तर लिहितोय. त्यातलं मुख्य आधीच सांगतो: मुख्य कोचची जागा कधी मिळेल हा विचार बाजूला ठेवा आणि आधी मॅच बघायला शिका. खेळाडू म्हणून आपण हजारो तास मैदानावर घालवलेले असतात, पण ते एका जागेवरून. आपल्या अंगावर कोण येतंय, बॉल कुठून येतोय, एवढंच आपल्याला दिसायचं. अख्खी मॅच बघणं हे वेगळं काम आहे आणि ते शून्यापासून शिकावं लागतं.

युलियान नागल्समानचं उदाहरण मी प्रत्येकाला देतो. जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या दुसऱ्या संघात तो बचावपटू होता. गुडघ्याच्या दुखापतीमुळे विशीतच त्याचं खेळणं थांबलं. करार अजून शिल्लक होता, तेव्हा त्या संघाच्या कोचने त्याला प्रतिस्पर्धी संघांच्या मॅच बघून अहवाल द्यायला सांगितलं. हा कोच म्हणजे थॉमस टुखेल. तो स्वतःही गुडघ्याच्या कार्टिलेजपायी (सांध्यातल्या कूर्चेपायी) पंचविशीच्या आसपास खेळ सोडून बसलेला. जर्मनीतल्याच उल्म क्लबमध्ये तो ज्या कोचच्या हाताखाली खेळला, त्या राल्फ रांगनिकनी पुढे त्याला श्टुटगार्टच्या युवा संघांत कोचिंगची वाट दाखवली होती. नागल्समान फेब्रुवारी 2016 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी, होफेनहाइमचा मुख्य कोच झाला आणि 2023 मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा. टुखेलने 2021 मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकून दिली. दोघांचीही सुरुवात ज्याला कुणी टाळ्या वाजवत नाही अशा कामातून झाली. एकाने अहवाल लिहिले, दुसऱ्याने पोरांना शिकवलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर खालिद जमील. मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळलेला मिडफिल्डर. दुखापतींनी त्याची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. 2009 मध्ये मुंबई एफसीची सूत्रं हाती घेतली आणि बेताच्या पैशांत चालणारा तो संघ त्याने वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, टिकवून धरला. मग 2016-17 च्या मोसमात मिझोरामच्या ऐझॉल एफसीला थेट आय-लीगचं विजेतेपद. ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. लोकांना ऐझॉल आठवतं. माझ्या मते त्याआधीची मुंबईतली वर्षं नवख्याने जास्त बारकाईने बघावीत, कारण कमी साधनांत संघ उभा करायची कला तिथे घडली.

आता बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं? स्टेडियममध्ये शक्य तितकं उंच बसा. आमच्या शाहू स्टेडियममध्ये मी कायम वरची पायरी धरतो, जिथून चारही बचावपटू एका ओळीत दिसतात. पहिल्या हाफमध्ये बॉलच्या मागे डोळे पळवू नका. एकच प्रश्न घेऊन बसा: बॉल गेला त्या क्षणी बचाव फळी कुठे आहे? समजा, लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) हल्ल्यात वर गेलाय, बॉल सुटला आणि त्याच्या मागची जागा मोकळी पडली. ती कोण भरतंय? सेंटर बॅक (मधला बचावपटू) बाहेर सरकला तर मध्ये भगदाड. मिडफिल्डर खाली आला तर ठीक, पण दमल्यावर सत्तराव्या मिनिटाला तो येतोय का? हे तीन-चारदा घडलेलं दिसलं की मिनिटासकट वहीत लिहा. शेवटी अहवाल पाच ओळींचाच द्या. कोचला तुमची हुशारी नको असते, उद्या काय करायचं ते हवं असतं: "उजव्या बाजूने जा, साठाव्या मिनिटानंतर ताज्या दमाचा विंगर (कडेने हल्ला करणारा) उतरवा." हे काम कुबड्या घेऊनही करता येतं, म्हणून रिहॅब (दुखापतीनंतरचे व्यायाम-उपचार) चालू असतानाच सुरू करा. दिवस रिकामे जात नाहीत, आणि ड्रेसिंग रूमपासून तुटल्यासारखं वाटतं ते बरंच कमी होतं.

लायसन्सचा रस्ता सरळ आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स ही बहुतेकांची पहिली मोठी पायरी, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. महाराष्ट्रात हे कोर्स विफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनमार्फत. एका पायरीवरून दुसरीवर जाताना मध्ये प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, त्यामुळे सर्टिफिकेटं भराभर गोळा करता येत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. जखमी खेळाडूंनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी: कोर्समध्ये एकमेकांच्या सेशनमध्ये खेळाडू म्हणून उतरावं लागतं. म्हणून फिजिओला विचारूनच नाव द्या आणि पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरला गुडघ्याची कल्पना द्या. ऑपरेशननंतर नऊ महिने व्हायच्या आत वळण्या-थांबण्याचा, अंगावर जाण्याचा खेळ नको. पुन्हा दुखापत झाली तर उभं राहून शिकवणंही अवघड होईल.

मैदानावर पोरं समोर आली की खरी कसोटी. आमच्यात एक मुलगा आहे, पाय सुंदर, पण बॉल घेताना कायम गोलकडे पाठ. तुम्ही चांगले खेळाडू असाल तर हात शिवशिवतील. वाटेल, स्वतः करून दाखवावं. गुडघा ते करू देत नाही आणि इथेच दुखापतीचा उपयोग होतो. मी खेळ थांबवला आणि विचारलं, "बॉल यायच्या आधी तुझ्या मागे कोण होतं?" त्याला सांगता येईना. मग चार-चारच्या खेळात एकच नियम घातला: पास घेण्याआधी मागे उभ्या असलेल्याच्या बिबचा (सरावात संघ ओळखायला घालतात त्या रंगीत बंडीचा) रंग ओरडून सांगायचा. काही आठवड्यांत तो खांद्यावरून बघायला लागला, शरीर आपोआप तिरकं उघडायला लागलं. पाय कसा ठेवायचा याबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो.

मुख्य कोचचं काम म्हणजे फक्त डावपेच नव्हेत, हेही मनाशी पक्कं करा. ब्रायन क्लफ इंग्लंडचा जबरदस्त स्ट्रायकर, लीगच्या 274 सामन्यांत 251 गोल. 26 डिसेंबर 1962 ला संडरलंडच्या मैदानावर 'बरी' नावाच्या संघाच्या गोलकीपरशी टक्कर झाली, गुडघ्याची लिगामेंट्स फाटली. 1965 मध्ये तिशीत त्याने चौथ्या डिव्हिजनमधल्या हार्टलपूल्स क्लबची सूत्रं घेतली, तेव्हा क्लबकडे पैसे नव्हते. त्याने संघाची बस चालवायचा परवानासुद्धा काढला. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टबरोबर 1979 आणि 1980 असे लागोपाठ दोन युरोपियन कप (आजच्या चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव). आपल्याकडेही खेळाडूंची नोंदणी, वयाचे दाखले, प्रवास, पालकांचे फोन हे सगळं तुमच्याच गळ्यात पडणार. ते निमूटपणे नीट करणाऱ्याला लोक पुढचं काम देतात.

पैशांचं स्पष्ट बोलू. पहिली काही वर्षं फक्त क्लबच्या कोचिंगवर घर चालवणं कठीण आहे. पुण्या-मुंबईत शाळा आणि अकादम्या लायसन्स असलेल्या कोचना घेतात, शाळेतल्या कायम शिक्षकपदासाठी मात्र बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) लागतं. शिक्षण अर्धवट सुटलं असेल तर ते आत्ताच पूर्ण करा. नागल्समान आणि टुखेल दोघांनीही खेळ सुटल्यावर पुन्हा शिक्षणाचा रस्ता धरला होता.

आणि खेळ सुटल्याचं दुःख दाबून ठेवू नका. जुन्या संघाची मॅच बघताना घशाशी आवंढा येतो, येऊ दे. घरच्यांशी, फिजिओशी बोला, झोप उडाली असेल तर समुपदेशकाकडे जा. त्याच आठवड्यात आपल्या भागातल्या एखाद्या शाळेच्या कोचना फोन करून विचारा, "सर, तुमच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच मी बघून येऊ का?" बहुतेक जण हो म्हणतात, कारण हे काम करायला त्यांच्याकडे माणूसच नसतो.