फड्या आणि त्रिधारी: निवडुंग म्हणवणारी, एकमेकांना परकी दोन कुळं

बोलताना दोघांनाही निवडुंग म्हणतात. पण फड्या (ओपन्शिया) खऱ्या कॅक्टसांच्या कुळातला, घोळ आणि राजगिरा यांच्या गणातला (गण म्हणजे जवळच्या कुळांचा गट). तर त्रिधारी (युफोर्बिया अँटिकोरम) एरंडाच्या कुळातला. कोरड्या जागी पाणी साठवता साठवता दोघांची खोडं मांसल आणि हिरवी झाली, म्हणून ते सारखे वाटतात. खोडाच्या धारा (उभ्या कडा) मोजून ओळख पटवू नका. त्रिधारीला कधी चारही असतात.

दसपट भिंग, चिमटा, नवं ब्लेड, जाड हातमोजे आणि चष्मा घ्या.

आधी काटा पाहा. फड्यावर तो लोकरीसारख्या बारीक गादीतून उगवतो. त्याच गादीत केसाएवढी कुसळं असतात आणि हात लागताच ती सुटून कातडीत रुततात. ती चोळू नयेत, चिमट्याने उपटावीत. त्रिधारीच्या धारेवर काटे जोडीने असतात, गादी नसते.

मग कोवळ्या शेंड्याला छोटी चीर द्या. पांढरा चीक आला तर त्रिधारी. मात्र काही कॅक्टसांनाही चीक असतो, त्यामुळे अनोळखी झाडाचा निवाडा एवढ्यावर करू नये. चीक डोळ्यात गेल्यास डोळा किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

खरा फरक फुलात आहे, तिथे घाई नको. फड्याचं फूल उभं कापा. पाकळ्या आणि पुंकेसर पुष्कळ दिसतील, आणि किंजपुट (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग) त्यांच्याखाली, काटेरी हिरव्या भागात बुडालेलं. म्हणूनच फळावरही त्याच गाद्या आणि कुसळं राहतात. ताज्या फुलातले पुंकेसर काडीने हलकेच शिवले तर ते आत वळतात.

त्रिधारीत आपण ज्याला फूल समजतो तो काही मिलिमीटरचा पेला असतो, आणि त्यात अनेक फुलं दाटलेली असतात. एकेक पुंकेसर म्हणजे एकेक नर फूल. भिंगाखाली त्याच्या देठावर सांधा दिसतो. खालचा भाग फुलाचा देठ, वरचा केसराचा. मधलं मादी फूल म्हणजे देठावरचं तीन कप्प्यांचं किंजपुट. मादी फूल आधी पक्व होतं, नर मागून, आणि काही पेल्यांत नुसती नर फुलंच असतात. त्यामुळे एकच पेला उघडून थांबलात तर फसाल. वेगवेगळ्या वयाचे निदान पाच-सहा उघडा.