लिनक्स चालू होताना दीड मिनिट अडकतंय? एफएसटॅब बघा

परभणीत भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या जुन्या पीसीवर मी लिनक्स मिंट टाकून दिलंय. पीक विम्याच्या दिवसांत सकाळपासून लाईन लागती, त्यात लाईट गेली की पीसी बंद आणि परत चालू व्हायला सव्वादोन मिनिटं, बाहेर म्हातारी माणसं सातबारा घेऊन उभी, बघवत नव्हतं. भाऊ म्हणला फॉरमॅट मारू. म्हणलं थांब, वेळ कुठं जायलाय ते तर मोजू.

टर्मिनलमध्ये सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ टाका, छोट्या इंग्रजी अक्षरांतच. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि युजरस्पेस (त्यानंतर चालू होणाऱ्या सर्व्हिस) असा वेगवेगळा टाईम येतो, यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसवर, फर्मवेअर (पीसीचा स्वतःचा प्रोग्राम) आणि लोडर पण दिसतात. फर्मवेअरलाच वेळ लागत असला तर बायोस बघा, लिनक्सचा दोष नाही. लोडर म्हणजे बहुतेक ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूचा टाइमआउट. युजरस्पेस जास्त असलं तर त्याच कमांडपुढं ब्लेम लिहा, सगळ्यात हळू सर्व्हिस वर दिसती, पण वर दिसली म्हणून लगेच बंद करू नका, बऱ्याच सर्व्हिस एकाच वेळी चालतात, कोण कोणासाठी थांबलंय ते ब्लेमच्या जागी क्रिटिकल-चेन लिहिलं की कळतं.

आमच्याकडं ब्लेममध्ये काहीच सापडेना. कारण जी गोष्ट चालूच झाली नाही ती तिथं येत नाही! मग चालू होताना लोगोवर एस्केप दाबलं तर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि 1 मिनिट 30 सेकंदांची मोजणी. दिवाळीत खडखड करणारी जुनी हार्ड डिस्क काढली होती, तिच्यावरच्या स्वॅपची (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेची) ओळ एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना कुठल्या डिस्क लावायच्या त्या यादीच्या फाईलमध्ये, तशीच, आणि नसलेल्या डिस्कची सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम, 90 सेकंद वाट बघायलंय.

एलएसबीएलके -एफ मारून खरे यूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक भागाचे ओळख नंबर, बघा, ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅबची आधी कॉपी काढा, मग जो यूयूआयडी कुठंच नाही त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, मग ती ओळ वाचली जात नाही. नुसत्या स्लॅशची, म्हणजे रूटची ओळ असती तिला हात लावू नका, नाहीतर पीसी नीट चालू होणार नाही. स्वॅप नवीन केलं असलं तर त्याचा यूयूआयडी बदलतो, तो नवीन लिहा. कधीमधी लावायची डिस्क असली तर तिच्या ओळीतल्या ऑप्शनमध्ये नोफेल टाका, मग तिच्यासाठी कोणी थांबत नाही. रीस्टार्टच्या आधी पुढं सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून फाइंडएमएनटी --व्हेरिफाय नक्की चालवा, लिहिण्यात चूक असली तर तिथंच सांगतं.

आता पंचेचाळीस सेकंदांत डेस्कटॉप येतो. उरलेला वेळ पीसीत अजून असलेल्या दुसऱ्या हार्ड डिस्कचाच आहे, तिच्या जागी एसएसडी टाकायची, विम्याची गर्दी ओसरली की.